सुई कमरेत, कळ डोक्यात: हे कसं काय?

टिळकनगरी (मंगळवार, रात्री)

धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी, इंदूरला आली आहे. शनिवारी सिझेरियन झालं, मुलगी झाली. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं. सोमवारी सकाळी बाळाला पाजायला उठून बसली आणि डोकं धरून परत आडवी. म्हणाली, "दादा, मानेपासून कपाळापर्यंत कोणी दोरी आवळतंय." आडवी झाली की पाच-दहा मिनिटांत दुखणं गायब. बसली की पुन्हा हजर.

राउंडवर आलेल्या डॉक्टरांना विचारलं तर "होता है, लेटे रहो" म्हणून ते पुढच्या खाटेकडे निघून गेले. आत्याचं निदान: वारं लागलं. कानांत कापूस, वर स्कार्फ, आणि पंखा बंद, म्हणून आम्ही सगळे घामाघूम. समोरच्या काकू डबा घेऊन आल्या आणि सांगून गेल्या की मणक्यात सुई गेली म्हणजे आता जन्माची कंबर गेली.

माझं पंप आणि पाइपांचं दुकान आहे. तळमजल्याला भोक पाडलं तर गच्चीवर आवाज का होतो, हे मला कोणी नीट सांगेल का?

सराफ्यातला_उपाशी

भिया, आमच्या घरीही दुसऱ्या वेळी हेच झालं होतं. कडक कॉफी, भरपूर पाणी, पडून राहणं. पाच-सहा दिवसांत गेलं. आणि मुलगी झाली ना? जलेबी कुठाय?

जुनी_मास्तरीण

उपाशींची कॉफी चुकीची नाही, थोडा वेळ आराम पडतो. पण टिळकनगरींनी "कसं" विचारलंय, म्हणून लिहायला बसते. मी मेडिकल कॉलेजात वर्षानुवर्षं ॲनाटॉमी शिकवली. माझे पेशंट कधी बोलले नाहीत, तेव्हा औषध माझ्याकडे मागू नका.

आधी काकूंची भीती. त्यांना वाटतं की मणक्यांच्या नळीत मज्जारज्जू वरपासून माकडहाडापर्यंत ठासून भरलेला आहे आणि सुई त्यात रुतली. तसं नाही. रज्जू करंगळीएवढा जाड, जेमतेम ४५ सेंटीमीटर लांब, आणि मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. आता उभे राहा आणि भांडायला निघालेल्या बाईसारखे हात कमरेवर ठेवा. कुल्ल्याच्या हाडाची वरची कड हाताला लागेल. तिथून अंगठे आडवे मागे न्या. ते भेटतात तो साधारण चौथा मणका. भूल देणारे डॉक्टर असंच चाचपतात आणि त्याच्या वरच्या किंवा खालच्या फटीतून सुई घालतात. तिथे रज्जू नाहीच. तिथे आहे पाण्याची पिशवी, आणि तिच्यात पायांकडे, मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसांचा झुबका लोंबतोय. त्याचं लॅटिन नावच "घोड्याची शेपटी". मी पोरांना तो झुबका ट्रेमध्ये पाण्यात सोडून सुईने ढोसायला लावायची. दोरे बाजूला सरकतात, टोचून घेत नाहीत.

रज्जू आखूड का? पोटात तिसऱ्या महिन्यापर्यंत तो पाठीच्या पूर्ण लांबीचा असतो. मग हाडं भराभर वाढतात आणि हा मागे राहतो. वाढत्या पोराची विजार घोट्यावरून वर चढत जाते ना, तसं. तुमच्या भाचीचा आज तिसऱ्या मणक्याच्या आसपास पोचत असेल. तिच्या आईचा त्याहून वर.

आता डोकं. तुम्ही कमर आणि डोकं हे दोन मजले धरलेत, तिथे गाडी अडते. मेंदू आणि मज्जारज्जू या दोन वस्तू नाहीत. वर मोठा मेंदू, त्याच्या मागच्या बाजूला खाली लहान मेंदू, मध्ये दांडा. तो दांडा कवटीच्या तळाच्या भोकातून खाली उतरला की त्यालाच आपण मज्जारज्जू म्हणतो. पाटी बदलते, रस्ता तोच. आणि या सगळ्याला मिळून एकच आवरण आहे, तीन पदरांचं. बाहेरचा पदर ताडपत्रीसारखा चिवट, मधला कोळ्याच्या जाळ्यासारखा, आतला इतका पातळ की मेंदूच्या प्रत्येक घडीत चिकटून उतरतो. बाहेरच्या आणि आतल्या पदराला जुन्या अरबी वैद्यांनी "आई" म्हटलं होतं. लॅटिनमध्ये ते "कठोर आई" आणि "मायाळू आई" झालं. दोन आया आणि मध्ये कोळी! पोरं परीक्षेत एवढं मात्र विसरत नसत.

मधल्या आणि आतल्या पदराच्या मध्ये पाणी असतं, नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. एकूण साधारण १५० मिली, म्हणजे वाटीभर. मेंदूच्या आत चार पोकळ्या आहेत, त्यांत ते पाझरतं, खालच्या पोकळीच्या भोकांतून बाहेर येऊन मेंदूभोवती आणि रज्जूभोवती फिरतं, आणि शेवटी डोक्याच्या माथ्याशी शिरेत शोषलं जातं. रोज अर्धा लिटरभर तयार होतं, म्हणजे वाटी दिवसात तीनदा तरी बदलते.

हे पाणी कशाला? फॉर्मलिनच्या बादलीतला मेंदू पनीरसारखा घट्ट असतो, त्यामुळे विद्यार्थ्यांची फसगत होते. ताजा मेंदू खरवसासारखा असतो. टेबलावर ठेवला की स्वतःच्याच वजनाने पसरतो. वजन १,३०० ते १,४०० ग्रॅम, पण पाण्यात तरंगत असल्यामुळे त्याचा भार पडतो ५० ग्रॅमच्या आसपास. एवढा ऐवज कवटीत बसून नाही, तरंगून राहिलाय.

सुईने चिवट पदराला बारीक भोक पडतं. बहुतेकांचं आपसूक बुजतं. काहींचं झिरपत राहतं. बहीण आडवी असते तेव्हा तुमची टाकी आणि गळती एकाच पातळीवर. उठून बसली की टाकी गच्चीवर आणि भोक तळमजल्यावर. पाणी उतरतं, मेंदू जरासा खाली बसतो आणि त्याला धरून ठेवणारे पदर आणि शिरा ताणल्या जातात. खुद्द मेंदूला दुखणं कळत नाही, जाग्या माणसाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करतात ती त्यामुळेच. दुखतात ते हे पदर आणि रक्तवाहिन्या.

हे दुखणं या इंजेक्शनइतकंच जुनं आहे. १८९८ मध्ये जर्मनीत कील इथे आउगुस्ट बियर या सर्जनने कमरेतून भूल देण्याचा प्रयोग सहायकाकडून स्वतःवर करून घ्यायचं ठरवलं. सिरिंज सुईला बसेना, तेवढ्यात त्याचं बरंच पाणी गळून गेलं. मग सहायकावर प्रयोग झाला, नडगीवर हातोडी मारून बधिरपणा तपासला, संध्याकाळी दोघांनी वाइन आणि सिगार घेतले. पुढे बियरसाहेब नऊ दिवस अंथरुणात, कारण उठलं की डोकं.

एक मात्र बघा. आडवं होऊनही दुखत असेल, ताप असेल, मान आखडली असेल, दोन-दोन दिसत असेल, झटका आला किंवा बीपी वाढलेलं असेल, तर धागा वाचत बसू नका, ताबडतोब दाखवा. बाळंतिणीच्या डोकेदुखीला दुसरी आणि वाईट कारणंही असतात. तसं काही नसलं तरी राउंडवाल्यांना सोडा, ज्यांनी भूल दिली त्यांना गाठा. गळती बुजवायचा उपाय त्यांच्याकडे आहे.

कण्हेर

बाई, वाचून छान वाटलं, पण माझी कंबर ११ वर्षं दुखतेय ती त्या सुईपासूनच.

जुनी_मास्तरीण

टोचलेली जागा काही दिवस दुखते, हे खरं. वर्षानुवर्षांचं खापर तिच्यावर फोडू नका. नऊ महिने पुढे ओढलेली कंबर, सैल पडलेले सांधे, मग वर्षभर वाकून पाजणं आणि एका कडेवर पोर. सुईची तारीख लक्षात राहते, या बाकीच्यांना तारीख नसते.

बडवाली_चौकी

विषय निघालाय तर: सासऱ्यांना उजव्या अंगाला लकवा आणि वाचा गेली. डॉक्टर डाव्या मेंदूचा फोटो दाखवत होते. चुकून उलटा लावला होता का?

जुनी_मास्तरीण

नाही हो. हातापायांना हुकूम नेणारे बहुतेक तंतू दांड्याच्या अगदी खालच्या टोकाला, रज्जू सुरू व्हायच्या जरा आधी, एकमेकांना ओलांडून जातात. म्हणून डाव्या मोठ्या मेंदूचा मार उजव्या अंगावर. बोलण्याचं केंद्रही बहुतेकांचं डावीकडेच, म्हणून दोन्ही एकदम गेलं. लहान मेंदूचं याच्या उलट, तो आपल्याच बाजूचा तोल सांभाळतो. बाकीचं नवीन धाग्यात विचारा, सविस्तर लिहीन.

टिळकनगरी (शुक्रवार)

बाई, भूल देणाऱ्या डॉक्टरांना गाठलं. बीपी पाहिलं, मान वाकवून पाहिली, बरेच प्रश्न विचारले. काल दंडातून तिचंच २० मिली रक्त काढलं आणि कमरेतून, त्या चिवट पदराच्या आत नाही, बाहेरच सोडलं. रक्त गोठून भोकावर बसतं म्हणे. मी म्हटलं, म्हणजे एम-सील. डॉक्टर हसले. तासाभराने ती उठून बसली, पाय खाली सोडून तिने पोहे खाल्ले आणि पोरीला मांडीवर घेतलं.

समोरच्या काकूंना अंगठे मागे नेऊन चौथा मणका दाखवला. त्यांनी स्वतःचा शोधून पाहिला, सापडला नाही.

आत्याला सांगितलं, वारं नव्हतं, पाणी होतं. ती म्हणाली, "मग ते पाणी हललं कशाने?" स्कार्फ अजून तसाच आहे.