स्वतःची गाणी स्वतःच प्रसिद्ध करायची आहेत, सुरुवात कुठून करू?

निळीशाई
चार गाणी तयार आहेत. शब्द, चाल, गिटार, आवाज सगळं माझंच. फक्त एका गाण्याचा बीट (तयार वाद्यसंगीताचा ट्रॅक) नेटवरून परवाना घेऊन वापरलाय आणि एकाचं दुसरं कडवं मित्रासोबत बसून लिहिलंय. लेबल म्हणजे संगीत कंपनी नकोय. चारही एकदम टाकू की एकेक? पैसे नेमके कुठून येतात? शिवाय घरी रेकॉर्ड केलेला आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतोय, त्यावरही काही सुचवा.

काळी_चार
पैशांचं आधी सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं नुकसान होतं. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही झाली रचना. ती गाऊन जी फाइल बनली ते ध्वनिमुद्रण. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर यांसारखे वितरक, म्हणजे तुमचं गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोहोचवणारे, मूळ सेवेत फक्त ध्वनिमुद्रणाचे पैसे गोळा करतात. रचनेचे पैसे हवे असतील तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचं सभासद होऊन प्रत्येक गाणं तिथे नोंदवावं लागतं. नोंदच नसेल तर तो पैसा तुमच्यापर्यंत पोहोचायला वाटच नाही.

मित्राच्या कडव्याचा हिशोब गाणं बाहेर पडायच्या आधी कागदावर आणा. गाण्याचं नाव, तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि प्रत्येकाचे टक्के. बेरीज 100 आलीच पाहिजे. ध्वनिमुद्रणातला वाटा वेगळ्या ओळीत लिहा आणि खाली दोघांच्या सह्या घ्या.

बीटचा परवाना पुन्हा एकदा वाचा. तो एकट्या तुमच्यासाठी नसेल, तर तोच बीट इतरांच्याही गाण्यांत असणार. अशा गाण्यासाठी वितरकाकडे यूट्यूब कंटेंट आयडीच्या (व्हिडिओंतलं गाणं आपोआप ओळखून मालकाच्या नावाने दावा लावणारी यंत्रणा) पर्यायावर टिक करू नका, नाहीतर दुसऱ्यांच्या व्हिडिओंवर तुमच्या नावाने दावे लागतील आणि वाद अंगावर येईल. परवान्यात किती स्ट्रीमपर्यंत मुभा आहे तेही बघा.

रियाज_रोज
एकेकच टाका, मध्ये पाच-सहा आठवडे जाऊ द्या. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट निवडणाऱ्या संपादकांकडे प्रसिद्ध न झालेलं गाणंच सुचवता येतं, तेही एका वेळी एकच. चार एकदम टाकलीत तर तीन संधी फुकट जातात. तारखेच्या किमान 7 दिवस आधी सुचवलं तर ते तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्येही (नव्या गाण्यांची आपोआप बनणारी प्लेलिस्ट) जातं. वितरकाकडून फाइल पुढे जायलाही वेळ लागतो, म्हणून तीन-चार आठवडे आधी अपलोड करा.

फाइल 24 बिट वेव्ह (WAV, आवाजाचा तपशील न गाळणारी) द्या. एमपी3 वरून वेव्ह केलेली नको, गेलेला तपशील परत येत नाही. गाण्याच्या कव्हरचं चित्र चौरस, 3000 × 3000 पिक्सेल, त्यावर फोन नंबर किंवा वेबसाइट नको. कलाकार म्हणून नाव दरवेळी अक्षरशः तेच लिहा. स्पेलिंग बदललं की दुसरंच पान तयार होतं, किंवा गाणं नावबंधूच्या पानावर जाऊन बसतं.

पैसे देऊन प्लेलिस्टमध्ये घुसवणाऱ्यांपासून मात्र लांबच राहा. बनावट स्ट्रीम पकडले गेले की गाणंच काढलं जातं. 2024 पासून स्पॉटिफायवर मागच्या 12 महिन्यांत 1,000 स्ट्रीम झाल्याशिवाय त्या ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही, त्यामुळे घाई होते हे समजतं. पण खरे ऐकणारे जमायला वेळ लागतोच.

तानपुरा_चालू
डब्यासारखा आवाज म्हणजे बहुतेक खोलीचा दोष. कार्डिऑइड माइक समोरचं जास्त ऐकतो, म्हणजे तुमच्या पाठीमागची भिंत त्याला थेट ऐकू येते. म्हणून जाड रजई माइकच्या मागे नाही, तुमच्या पाठीमागे टांगा. कोपऱ्यात उभं राहू नका. तोंड माइकपासून 15-20 सेंमी, मध्ये पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी). आपल्या भाषेत 'भ', 'फ', 'ध' भरपूर. 'भरून' म्हणताना सुटलेली हवा सरळ माइकवर आदळते आणि धप्प आवाज येतो. माइक थोडा तिरका ठेवला की ती हवा बाजूने निघून जाते.

रेकॉर्डिंगची लेव्हल, आवाज सर्वात मोठा होतो तिथे, -12 ते -6 डीबीच्या मध्ये राहू द्या. तरीही डबा उरलाच, तर इक्यूमध्ये (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करायचं साधन) 300 ते 600 हर्ट्झच्या पट्ट्यात शोधून 2-3 डीबी कमी करा. त्याहून जास्त कापावं लागत असेल तर पुन्हा गा, ते लवकर होतं. मास्टरिंगमध्ये, म्हणजे गाण्यावरच्या शेवटच्या संस्कारात, आवाज चेपून मोठा करायच्या मागे लागू नका. स्पॉटिफाय सगळं साधारण -14 एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणतं, मग चेपलेलं गाणं उलट सपाट वाटतं.

निळीशाई
रजई आजच टांगते! मित्राकडे टक्क्यांचा विषय काढणं जरा अवघड वाटतंय. गाणं आलं की बोलले तर?

काळी_चार
नको. आत्ता वाटून घ्यायला पैसेच नाहीत, म्हणूनच बोलणं सोपं आहे. तोंडी ठरलं की त्याच दिवशी मेसेजवर टक्के लिहून पाठवा आणि त्याचा होकार लेखी घ्या. सह्यांचा कागद त्या आठवड्यात करा, वितरकाचा फॉर्म त्यानंतर उघडा.