जुन्या गेमच्या ३ डिस्क २४०० ला घेऊ का? (नाशिक) संध्याकाळच्या आत सांगा

गंगापूररोड_१९: लोकहो पटकन मदत करा. कॅनडा कॉर्नरला एक जण जुने गेम विकतोय, रेड डेड रिडेम्प्शन २, जीटीए ५ आणि फिफा २३, तिन्ही मिळून २४००. रूमचं भाडं नि मेसचे पैसे दिले की हातात काही उरत नाही, हे २४०० तीन महिने साठवलेत, त्यामुळे फसायला नकोय. ५०० टोकन देऊन बसलोय, सहाला भेटायचंय. भाव बरोबर आहे का आणि काय बघून घ्यायचं तेवढं सांगा.

सिडकोकर: कशावर खेळतोस? पीसी, प्लेस्टेशन का एक्सबॉक्स?

पीसीवाला: पीसी असेल तर जुनी डिस्क घेऊच नको. सोबतचा कोड (की) पहिल्या मालकाच्या अकाउंटला लागला की विषय संपला. मी जीटीए ५ चा ७ डीव्हीडींचा बॉक्स असाच घेतला होता, अजून कपाटात पडून आहे.

गंगापूररोड_१९: प्लेस्टेशन आहे हो. भाव सांगा ना कोणीतरी.

सिडकोकर: पीएस४ च्या डिस्क ना? मग पहिल्या दोनचा भाव ठीक आहे. फिफा २३ ला १०० पण जास्त, त्याच्यानंतरचे किती आले. आणि रेड डेडच्या बॉक्समध्ये दोन डिस्क असतात, डेटाची वेगळी, प्लेची वेगळी. डेटाची नसेल तर गेम इन्स्टॉलच होणार नाही. उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नको.

पंचवटीची_मावशी: डिस्कवर चरे असतील तर टूथपेस्ट लावून मऊ कापडाने पुसायची, आमच्याकडच्या गाण्यांच्या सीड्या अशाच चालू व्हायच्या.

जुना_खेळाडू: मावशी, सीडीचं चालून जायचं, ह्या ब्लू-रे आहेत. ह्यात डेटा पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमी आत असतो, डीव्हीडीत ०.६ होता. वरचा थर कडक असतो म्हणून बारीक चरे पडत नाहीत, पण खोल गेला तर घासून आणखी वाट लागते. उजेडात तिरकी धरून बघ आणि त्याच्याच मशीनवर चालवून दाखव म्हण.

इंदिरानगर_गेमर: डिस्कच्या भानगडीत पडूच नका. ४००-५०० ला गेम असलेलं दुसऱ्याचं अकाउंट मिळतं, लॉगिन करा, डाउनलोड करा, खेळा. मी सगळे गेम असेच घेतलेत.

जुना_खेळाडू: पोराला हे सांगू नका. सोनीच्या नियमात बसत नाही ते, आणि मूळ मालकाने पासवर्ड बदलला की गेम गेला, पैसे पण गेले. तक्रार कुणाकडे करणार?

इंदिरानगर_गेमर: दोन वर्षं झाली, मला काही झालेलं नाही.

पंचवटीची_मावशी: बाळा, गंगापूर रोडला कुठल्या मेसला जेवतोस? माझ्या भाच्याला ह्या वर्षी केटीएचएमला ॲडमिशन मिळालीय, त्याच्यासाठी शोधतेय.

सिडकोकर: अरे पण पीएस४ का पीएस५ ते अजून सांगितलंच नाहीस.

गंगापूररोड_१९: पीएस५, डिजिटल एडिशन. मामेभावाने त्याचा जुना दिलाय. पीएस४ च्या डिस्क पीएस५ वर चालतात हे मी वाचलंय, म्हणून ते लिहिलं नाही.

सिडकोकर: भावा थांब!! डिजिटलला डिस्क टाकायला जागाच नसते. चालतात त्या ड्राइव्हवाल्या पीएस५ वर.

जुना_खेळाडू: नंतरचं स्लिम मॉडेल असेल तर ड्राइव्ह वेगळा घेऊन लावता येतो. बाजूचं कव्हर बघ, मधून आडवी फट असेल आणि दोन तुकडे असतील तर स्लिम. सलग एकच असेल तर २०२० वालं मॉडेल, त्याला ड्राइव्ह लागत नाही.

गंगापूररोड_१९: सलग आहे. आता टोकनचं काय करू? तो म्हणतो परत देणार नाही.

सिडकोकर: माझ्याकडे पीएस४ आहे आणि रेड डेड मला हवाच होता. फिफा काढून दोन्हीचे २००० म्हण, मी येतो सहाला. तुझे ५०० मी तिथेच देतो, बाकीचे त्याला.

जुना_खेळाडू: आणि तू प्लेस्टेशन स्टोअरवर दोन्ही विशलिस्टला टाकून ठेव, रेड डेड सेलमध्ये बऱ्याचदा निम्म्याच्या खाली येतो. तोवर फोर्टनाइट, रॉकेट लीग फुकट आहेत, त्यांना पीएस प्लस (सोनीची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप) पण लागत नाही.

गंगापूररोड_१९: विचारलं, २१०० म्हणतोय.

सिडकोकर: चालेल. डेटाची डिस्क आहे का तेवढं आत्ताच फोटो मागवून घे.

गंगापूररोड_१९: फोटो आला, दोन्ही आहेत. दादा खूप आभार, निघतोय. मावशी, मेसचा नंबर तुम्हाला रात्री खाजगी मेसेज करतो, जेवण चांगलं आहे, रविवारी संध्याकाळी बंद असते.