त्वचारोग पोस्टिंग: केस सांगताना अडखळतो, केओएच निगेटिव्ह येतं

हिरवी_पाटी: त्वचारोग विभागात पोस्टिंग चालू आहे. केस सांगताना मी थेट निदानावर जातो आणि मॅडम तिथेच थांबवतात, ‘आधी काय दिसतंय ते सांग.’ वर्णनाचा क्रम कसा ठेवायचा? आणि गजकर्ण उघड दिसत असूनही माझी केओएच स्लाइड (खपल्यांवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून बुरशी शोधायची चाचणी) निगेटिव्ह का येते?

उजेडात_बघा: मॅडम थांबवतात ते योग्यच. वर्णन नेमकं असेल तर ऐकणारा स्वतः निदानापर्यंत पोचतो. आधी मूळ लीजन (त्वचेवरचा डाग, पुरळ असा बदल) कोणता ते ठरवा. सपाट आणि १ सेंमीपर्यंत असेल तर मॅक्यूल, त्याहून मोठा असेल तर पॅच. उंचावलेला आणि लहान असेल तर पॅप्यूल, मोठा आणि पसरट असेल तर प्लाक. काही पुस्तकं ०.५ सेंमीची सीमा धरतात, तेव्हा तुमच्या विभागात कोणती चालते ते विचारून घ्या. उंची कळायला टॉर्च बाजूने धरा आणि बोट फिरवून बघा. नुसत्या नजरेने फसायला होतं.

मग रंग, कडा, पृष्ठभाग, मांडणी आणि शेवटी शरीरावर कुठे कुठे आहे ते. सावळ्या त्वचेवर लाली लाल दिसेलच असं नाही, बऱ्याचदा ती जांभळट किंवा तपकिरी दिसते. शंका आली तर काचेची स्लाइड दाबून धरा. रंग फिका पडला तर रक्त वाहिन्यांच्या आत आहे. तसाच राहिला तर ते बाहेर झिरपलंय, म्हणजे पर्प्युरा. नखं, टाळू आणि तोंडाची आतली बाजू न बघता केस सांगायला उभे राहू नका.

स्लाइडवाला: केओएचचं सांगतो. बहुतेक वेळा खरवडण्याची जागाच चुकलेली असते. गजकर्णात मधला भाग बरा होत आलेला असतो, बुरशी सापडते ती पुढे सरकणाऱ्या कडेला. स्पिरिटने पुसा, म्हणजे मलम आणि मळ जातो. वाळू द्या. १५ नंबरचं ब्लेड त्वचेला काटकोनात धरून कडेच्या खपल्या भरपूर घ्या. रक्त आलं तर तुम्ही फार खोल गेलात.

१० टक्के केओएचचा एक थेंब, वर कव्हर स्लिप, १० ते २० मिनिटं थांबा. घाई केली तर केराटिन (त्वचेच्या वरच्या थरातलं प्रथिन) विरघळत नाही आणि काहीच उमगत नाही. नखाला जास्त तीव्र द्रावण आणि कित्येक तास लागतात. सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर खाली घ्या, उजेड कमी करा, आधी १०एक्स, मग ४०एक्स. एकसारख्या जाडीचे, पडदे आणि फांद्या असलेले धागे पेशींच्या सीमा ओलांडून जाताना दिसले तर ते हायफी, म्हणजे बुरशीचे धागे. पेशींच्या कडेकडेनेच जाळी दिसत असेल तर तो आभास. कापसाचे तंतूही फसवतात, पण त्यांची जाडी असमान असते.

हिरवी_पाटी: रुग्ण आधीच कुठलं तरी मलम लावत असेल तर?

स्लाइडवाला: बुरशीविरोधी मलम लावलं असेल तर स्लाइड निगेटिव्ह येऊ शकते, आणि तेवढ्यावरून गजकर्ण नाही असं म्हणता येत नाही. स्टेरॉइड असेल तर उलट: कड पुसट, खपल्या कमी, चट्टा ओळखूच येत नाही, पण स्लाइडवर बऱ्याचदा हायफींची गर्दी. म्हणून ‘काही लावता का?’ एवढंच विचारून थांबू नका, ट्यूबच आणून दाखवायला सांगा. मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं हे रुग्णाला बहुधा माहीत नसतं.