अनुभव धागा: लाल दिव्याचा कॅमेरा नेमका कुठे चुकतो?

चौकात कॅमेरे हवेत की नकोत, यावर आपल्याकडे वाद पुष्कळ झाले. ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध येतो त्यांनी इथे तपशिलात लिहावं, ही विनंती. किती दंड भरला ते नको. यंत्र कसं चालतं, कुठे फसतं, तेवढंच लिहा.

सिग्नल देखभाल, छत्रपती संभाजीनगर
कंट्रोलरकडून (दिवे बदलणाऱ्या यंत्राकडून) 'लाल लागला' असा संकेत आल्यावर पुढचं चाक थांबरेषेवरून गेलं, तरच नोंद व्हायला हवी. फोटो दोन लागतात: गाडी रेषेच्या अलीकडे आणि दिवा लाल, मग तीच गाडी चौकात, दिवा लालच. हिरव्यावर आत शिरून अडकलेला यात येत नाही. गडबड रेषेची होते. डांबराचा नवा थर पडतो, रंगवणारे रेषा दोन फूट मागे आखतात आणि कॅमेऱ्यातली रेषा जुन्याच जागी राहते. डांबरीकरण झालं की ती नव्याने बसवायलाच हवी.

रस्ते अभियंता, नांदेड
खरं भांडण पिवळ्याचं आहे. ताशी 50 किमी म्हणजे सेकंदाला 14 मीटर. ब्रेकवर पाय जायला 1 सेकंद, पुढे थांबायला 32 मीटर, एकूण 46. पिवळा 3 सेकंदांचा असेल तर तेवढ्यात गाडी 42 मीटरच जाते. रेषेपासून 42 ते 46 मीटरमध्ये सापडलेल्याला ना नीट थांबता येतं, ना वेळेत रेषा गाठता येते. साडेतीन सेकंद दिले की हा पट्टाच उरत नाही. भरलेल्या ट्रकला साडेचार हवेत. पिवळा तोकडा ठेवून कॅमेरा लावणं हा अन्याय आहे.

तरी मी कॅमेऱ्याच्या बाजूचा. अमेरिकेत 2005 च्या अभ्यासात 132 चौक तपासले. आडव्या धडका सुमारे 25 टक्के घटल्या, मागून बसणाऱ्या 15 टक्के वाढल्या. आडवी धडक दुचाकीवाल्याच्या जिवावर बेतते.

ट्रॅक्टर-ट्रॉली दुरुस्ती, लातूर
उसाच्या हंगामाचाही विचार करा. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ताशी 15 किमीने जातो. चौक 25 मीटर, गाडीची लांबी 15. पार व्हायला साडेनऊ सेकंद. कॅमेरा त्याला धरणार नाही, पण शेपूट चौकातच असताना बाजूचा हिरवा लागतो. आणि मागची नंबरप्लेट उसाच्या वाढ्यांखाली झाकलेली, ती कोण वाचणार?

नंबरप्लेटचं दुकान, परभणी
चिखलाने 6 चा 8 दिसतो. एमएच-26 नांदेड, एमएच-28 बुलढाणा. चलान भलत्याच्याच दारात. मराठी आकडे तर यंत्राला सहसा वाचता येत नाहीत, नियमातही बसत नाहीत. पावसाळ्यात प्लेट रोज पुसा.

ई-चलान सेवा, बीड
पैसे भरण्याआधी फोटो उघडा. महाट्रॅफिकवर (राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान सेवेवर) गाडी क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे 4 आकडे लागतात. गाडीचा रंग, मॉडेल, दिवा, रेषा, तारीख, वेळ, ठिकाण जुळवा. एकही चुकलं तर आरसी आणि गाडीचा मागून काढलेला फोटो जोडून तिथेच तक्रार टाका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 2021 च्या नियम 167अ मध्ये यंत्राला दरवर्षी प्रमाणपत्र आणि कॅमेऱ्याआधी सूचनाफलक सांगितलाय. फलक नसेल तर त्या जागेचा फोटो काढून ठेवा.

रस्ते अभियंता, नांदेड
लातूरकरांसाठी: कारखान्याच्या वाटेवरच्या चौकात हंगामापुरता 'चारही बाजू लाल' हा वेळ वाढवता येतो. कंट्रोलरमध्ये वेगळी वेळापत्रकं साठवायची सोय असते. लेखी मागणी करताना चौकाची रुंदी मोजून लिहा.