व्हिसा हातात नसताना बॉस्टनच्या घराच्या लीजवर सही करावी का?

हंटिंग्टन अ‍ॅव्हेन्यू

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की बॉस्टनला एमएससाठी येणाऱ्या आपल्या मुलांच्या ग्रुपवर एकच घाई सुरू होते, घर बघा, घर बघा, नाहीतर काही उरणार नाही. अ‍ॅडमिट आलेला असतो, व्हिसासाठी लागणारी युनिव्हर्सिटीची आय-ट्वेंटी कुणाची आलेली असते कुणाची नसते, व्हिसाची तर तारीखही मिळालेली नसते, आणि चार अनोळखी मुलं झूमवर एकदा एकमेकांची तोंडं बघून बारा महिन्यांच्या लीजवर सही करून मोकळी होतात. माझं मत स्पष्ट आहे, हे करू नये. पासपोर्टवर व्हिसा लागल्याशिवाय जॉइंट लीजवर सही नको म्हणजे नको.

इथल्या बहुतेक जॉइंट लीजमध्ये ‘जॉइंट अँड सेव्हरल’ असा एक क्लॉज असतो आणि तो कुणी वाचत नाही. त्याचा अर्थ चौघांनी आपापला वाटा भरायचा असा नाही. घरमालक पूर्ण भाडं चौघांपैकी कुणा एकाकडूनही मागू शकतो. समजा ४८०० डॉलर भाडं आहे, माणशी १२००. एकाचा व्हिसा रिजेक्ट झाला, तो पुण्यातच राहिला, की उरलेल्या तिघांना १६०० पडतात. आणि जो आलाच नाही त्याचंही नाव लीजवर असतंच, तोही सुटत नाही.

२०२५ चा उन्हाळा आठवा. २७ मेला अमेरिकेने नवीन स्टुडंट व्हिसा इंटरव्ह्यूच्या तारखा देणंच थांबवलं, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात परत सुरू केलं तेही सोशल मीडिया अकाउंट पब्लिक करायला लावून, मग स्लॉटसाठी लोक रात्र रात्र साइट रिफ्रेश करत बसले, आणि कितीतरी जणांना अ‍ॅडमिशन स्प्रिंगला, म्हणजे जानेवारीच्या सेमिस्टरला ढकलावं लागलं. त्यातल्या ज्यांनी एप्रिलमध्ये सही केली होती त्यांचं भाडं काही स्प्रिंगला ढकललं गेलं नाही, ते १ सप्टेंबरपासून सुरू झालं.

माझं म्हणणं, ऑगस्टपुरता सबलेट घ्या, म्हणजे दुसऱ्या भाडेकरूची खोली त्याच्याकडून थोड्या दिवसांसाठी भाड्याने घ्या, इथे या, घरं डोळ्यांनी बघा आणि मग सही करा. उन्हाळ्यात इंटर्नशिपला गेलेल्यांच्या खोल्या ३१ ऑगस्टपर्यंत रिकाम्या असतात, कमी भाड्यात मिळतात.

ऑल्स्टनकर

पूर्ण असहमत. दादा, तुम्ही म्हणता ते टेक्सासात किंवा अ‍ॅरिझोनात चालेल, तिथे वर्षभर घरं मिळतात. बॉस्टनचं मार्केट १ सप्टेंबरवर चालतं. कितीतरी भाडेकरू त्याच दिवशी घर बदलतात, रस्तोरस्ती सामान हलवायला भाड्याने घेतलेले यू-हॉलचे ट्रक उभे असतात, फुटपाथवर सोफे-गाद्या टाकलेल्या असतात (त्या उचलू नका, ढेकूण घरात आणाल). त्या तारखेची चांगली घरं मेपर्यंत संपतात. ऑगस्टच्या मध्यावर सुटकेस घेऊन फिरायला लागलात तर बेसमेंट उरतं, नाहीतर अशी घरं जी सहा ग्रुपनी बघून सोडलेली असतात.

आणि नवीन आलेल्याला घर देणार कोण? सोशल सिक्युरिटी नंबर नाही, क्रेडिट स्कोअर नाही, घरमालक म्हणतो अमेरिकेत राहणारा गॅरंटर, म्हणजे भाडं थकलं तर भरायची हमी घेणारा माणूस आणा. आपल्या किती मुलांचे काका इथे आहेत? ग्रुपमध्ये एखादा सीनियर असला, आधीचे भाडेकरूही आपलेच असले, की तोच मालक काही न विचारता लीज देतो. हे ग्रुपचं बळ तुम्ही धोक्यात का मोजताय?

नाशिकची आई

मुलगी यंदा जाणार आहे म्हणून वाचतेय. ही सगळी धावपळ कशाला, पहिलं वर्ष युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर राहू दे ना. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, पण परक्या देशात पोरगी रात्री कुठे उतरणार हे तरी माहीत असेल. तिच्या लसींचे कागद, एमएमआरचे दोन डोस, हे सगळं करता करताच जीव मेटाकुटीला आलाय.

ऑल्स्टनकर

काकू, तुमची काळजी अगदी बरोबर आहे, पण बॉस्टनमध्ये बऱ्याच ठिकाणी मास्टर्सच्या मुलांना कॅम्पसवर जागेची हमी नसते, आणि मिळाली तरी बाहेर शेअर करून राहण्यापेक्षा बरीच महाग पडते. चौकशी जरूर करा, पण त्यावर विसंबून राहू नका.

कर्वेनगर

मी दोघांच्या मधलं बोलणार नाही, मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे, आणि कारण व्हिसापेक्षा वेगळं आहे. माझ्या मावसबहिणीने भारतातून घर घेतलं. ब्रोकरने व्हिडिओ टूर दिली, किचन दाखवलं, बाथरूम दाखवलं, तीन बेडरूम दाखवल्या. प्रत्यक्षात तिसरी बेडरूम म्हणजे हॉलला मध्ये पार्टिशन घातलेलं होतं, पलीकडून रूममेटच्या फोनवरचा शब्द न् शब्द ऐकू यायचा, आणि रेडिएटर नेमका पार्टिशनच्या दुसऱ्या बाजूला राहिलेला. डिसेंबरमध्ये ती जॅकेट घालून झोपायची. व्हिडिओत कॅमेरा त्या भिंतीवरून भर्रकन पुढे गेला होता.

लाइव्ह टूर घेत असाल तर समोरच्याला सांगा, भिंतीवर टकटक कर, प्रत्येक खोलीतला हीटर दाखव, गरम पाण्याचा नळ सोडून ठेव, सिंकखालचं कपाट उघड. तिथे उंदरांचे सापळे ठेवलेले असले की काय ते समजून जा. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर एक डॉलरही पाठवू नका.

ब्रुकलाइनवासी

सही करा किंवा करू नका, पण कायदा माहीत असू द्या. मॅसॅच्युसेट्समध्ये घर देताना मालकाला चारच गोष्टी मागता येतात: पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं भाडं, जास्तीत जास्त एका महिन्याच्या भाड्याइतकं डिपॉझिट, आणि नवीन कुलूप-किल्लीचा खर्च. ते डिपॉझिट त्याने बँकेत वेगळ्या, व्याज देणाऱ्या खात्यात ठेवायचं असतं. ब्रोकरची फी पूर्वी इथे सर्रास भाडेकरूच्या गळ्यात मारायचे, आता १ ऑगस्ट २०२५ पासून ज्याने ब्रोकर नेमला त्याने फी द्यायची असा नियम झालाय. तुमच्याकडे कुणी ‘होल्डिंग फी’, ‘व्हेरिफिकेशन फी’ असलं काहीतरी मागत असेल, आणि तेही गिफ्ट कार्डवर किंवा परक्या नावाच्या खात्यात, तर तिथेच थांबा.

हीटचं बिल मालकाचं की तुमचं हे लीजमध्ये लिहिलेलं असतं, ते शोधून वाचा. जुन्या लाकडी तीनमजली घरात गॅसवर हीट असेल आणि बिल तुमचं असेल तर जानेवारीत भाड्याचा हिशोब पार बदलतो.

सांगलीचा बाबा

आम्हा पालकांच्या बाजूने एक सांगतो. पहिला, शेवटचा आणि डिपॉझिट धरलं तर माणशी १२०० च्या हिशोबाने ३६०० डॉलर झाले, म्हणजे तीन लाखांच्या वर. आमचं एज्युकेशन लोन आहे, पण बँक फी परस्पर युनिव्हर्सिटीला पाठवते आणि राहण्याखाण्याचे पैसे व्हिसा झाल्याशिवाय सोडणार नाही असं सांगते. म्हणजे हे तीन लाख मी एफडी मोडून पाठवायचे, आणि पोराला व्हिसा नाही मिळाला तर ते परत आणायला सांगलीहून बॉस्टनला मी कुणाच्या दारात जाऊ? बँक तारण घेऊनसुद्धा व्हिसापर्यंत थांबते, मग मी का थांबू नये? मी धागाकर्त्यांशी सहमत आहे.

ऑल्स्टनकर

काका, तुमचा मुद्दा मला पटतो, खरंच पटतो. पण दुसरी बाजूही धरा ना. मुलगा ऑगस्टमध्ये आला, महिनाभर सबलेट, तोवर घर नाही मिळालं तर एअरबीएनबी, तिथे एका आठवड्याला अर्ध्या महिन्याचं भाडं जातं, क्लास सुरू झालेले, असाइनमेंट आलेल्या, आणि हा संध्याकाळी घरं बघत फिरतोय. माझ्या बॅचचा एक मुलगा सप्टेंबर संपेपर्यंत लोकांच्या हॉलमध्ये झोपायचा, त्याचं पहिलं सेमिस्टर तिथेच हातातून गेलं. व्हिसा रिजेक्ट होणं हा धोका आहेच, पण बऱ्याच जणांचा व्हिसा होतो आणि घराची मारामारी प्रत्येकाला असते.

हंटिंग्टन अ‍ॅव्हेन्यू

ऑल्स्टनकर, एक गोष्ट तुम्ही सोडून देताय. लीज सुरू होते १ सप्टेंबरला आणि ओरिएंटेशन असतं ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलमध्ये सही केलेल्यालाही ते दिवस कुठेतरी काढायचेच असतात. तो खर्च दोघांनाही आहे. मग थोडं लवकरच या ना. आय-ट्वेंटीवरच्या सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवस आधीपर्यंत एफ-वन या स्टुडंट व्हिसावर अमेरिकेत येता येतं, २ सप्टेंबर असेल तर ३ ऑगस्टपासून. तो महिना घर बघायला पुरतो.

आणि मिशन हिल-ऑल्स्टन हे विद्यार्थ्यांचे भाग सोडून घरंच नाहीत असं का धरून चालायचं? शहराबाहेरच्या मॉल्डनहून ऑरेंज लाइनची मेट्रो गाडी न बदलता बॉस्टनमधल्या रगल्स स्टेशनला येते. क्विन्सीला रेड लाइन आहे. तिथे विद्यार्थ्यांची एवढी झुंबड नसते, त्यामुळे ऑगस्टमध्येही बरी घरं दिसतात. काही मालक ‘टेनंट अ‍ॅट विल’वर म्हणजे महिन्याच्या बोलीवर देतात, नोटीस देऊन सोडता येतं. नवीन माणसाला यापेक्षा चांगलं काय?

ऑल्स्टनकर

महिन्याच्या बोलीवर मालकही नोटीस देऊन काढू शकतो हेही सांगा की. फायनलच्या आठवड्यात नोटीस आली तर? आणि मॉल्डनहून रात्री अकराला लॅबमधून परत जाणं, फेब्रुवारीत प्लॅटफॉर्मवर उभं राहणं, हे सगळ्यांना झेपत नाही. मुलींच्या आईवडिलांना तर मुळीच चालत नाही.

फॉल२६_कोथरूड

मी यंदा जाणारी आहे आणि नेमकी याच्यातच अडकलेय. आम्ही चौघी आहोत, मी सोडून तिघींना आजच सही करायची आहे, घर रॉक्सबरी क्रॉसिंग स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर आहे, सध्या राहणाऱ्या मुली मराठीच आहेत आणि घर चांगलं आहे म्हणतात. मी नाही म्हटलं तर त्या पाचवीला घेणार. माझा इंटरव्ह्यू अजून व्हायचाय, एकीचा झालाय, बाकी दोघींना स्लॉटच नाही. काय करू सांगा, रात्री झोप लागत नाहीये.

कर्वेनगर

पाचवीला घेऊ दे. खरंच सांगते, घरं येतात.

ऑल्स्टनकर

सोडू नकोस. मराठी मुली तिथे राहतायत, त्या खरं सांगतील, स्टेशन जवळ आहे, असं घर ऑगस्टमध्ये मिळणार नाही. पण सही करायच्या आधी मालकाला ईमेल कर की आमच्यापैकी कुणाला अमुक तारखेपर्यंत व्हिसा मिळाला नाही तर तिच्या जागी दुसरी भाडेकरू आणायची परवानगी द्या आणि तसं लीजमध्ये लिहा. मोठ्या कंपन्या ऐकत नाहीत, पण एक-दोन घरांचे मालक ऐकतात, मी स्वतः लिहून घेतलंय.

ब्रुकलाइनवासी

हे चांगलं आहे, फक्त ‘परवानगी द्या’ एवढ्यावर थांबू नकोस. बदली मुलगी लीजवर आली की जुनीचं नाव निघालं आणि तिची जबाबदारी संपली असं स्पष्ट लिहून घे. फोनवर ‘हो हो, नो प्रॉब्लेम’ म्हणाले तर त्याला काही किंमत नाही. तुम्ही चौघी आपसात जो कागद कराल, कोण किती भरणार, कोण नाही आलं तर काय, तो जरूर करा, पण तो फक्त तुमच्यात चालतो, घरमालकाला बांधत नाही. आणि युनिव्हर्सिटीच्या ऑफ-कॅम्पस हाउसिंग ऑफिसला विचार, अशी ऑफिसं बरेचदा लीज वाचून देतात, फुकट.

हंटिंग्टन अ‍ॅव्हेन्यू

तसा क्लॉज मालकाने सहीच्या आधी लीजमध्ये घातला तर माझा विरोध नाही, माझा मुद्दाच तो होता. नाही घातला तर मात्र ताई, घर कितीही छान असलं तरी सोड. तुझ्या बाबांना एक विचार, व्हिसा नाही झाला तर हे पैसे गेले असं समजून ते पाठवायला तयार आहेत का? ते मनापासून हो म्हणत असतील तर गोष्ट वेगळी.

फॉल२६_कोथरूड

बाबांना विचारलं, ते नाही म्हणाले. मालकाला आत्ता ईमेल पाठवलंय, बदली भाडेकरू आणि नाव काढण्याचं दोन्ही लिहिलंय, लीजचा ड्राफ्टही मागितलाय. तिघींना सांगितलं की उत्तर येईपर्यंत मी सही करणार नाही. एक चिडली. जिचा व्हिसा झालाय ती म्हणाली की हे तिलाही हवंय, कारण आम्ही तिघी नाही पोहोचलो तर अख्खं घर तिच्या एकटीच्या डोक्यावर येणार हे तिला आज कळलं.

नाशिकची आई

बाळा, मालकाचं उत्तर आलं की इथे लिही. आणि तुमच्या चौघींत कुणी गळलं तर माझी मुलगीही घर शोधतेय, तिचा व्हिसा झालेला आहे.