आत्मचरित्रांच्या आधी काय वाचावे

अकरा वर्षांची मुलगी फिगर स्केटिंग (बर्फावर उड्या व गिरक्या घेत करायचे स्केटिंग) शिकते आहे, तर पालकांनी व प्रशिक्षकांनी काय वाचावे, या प्रश्नावर बहुतेक जण विजेत्यांची आत्मचरित्रे सुचवतात. मी मात्र आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या तांत्रिक पुस्तिकेपासून सुरुवात करा, असे आग्रहाने सांगेन. ती संघटनेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. गुणपत्रकात उडीच्या नावापुढे एक कोनी चिन्ह (<) असेल, तर फिरकी पाव फेरीपेक्षा जास्त, पण अर्ध्या फेरीपेक्षा कमी अपुरी राहिलेली असते. दोन चिन्हे असतील, तर ती निदान अर्धी फेरी अपुरी असते. लुट्झ उडी मागे सरकत पात्याच्या बाहेरच्या कडेवरून घ्यायची असते, आणि ऐन वेळी पाय आतल्या कडेवर कलला की पत्रकात ‘ई’ उमटतो. हे ठाऊक असलेले पालक ‘पडली नाहीस, मग गुण का गेले?’ असे मुलीला विचारणार नाहीत.

दुसरे पुस्तक जोन रायन यांचे ‘लिटल गर्ल्स इन प्रिटी बॉक्सेस’. १९९५ साली आलेले हे पुस्तक जिम्नॅस्टिक्स आणि फिगर स्केटिंगमधील मुलींच्या उपासमारीविषयी, दुखापतींविषयी आणि मोठ्यांच्या महत्त्वाकांक्षेविषयी इतक्या परखडपणे लिहिले आहे की वाचताना जीव कासावीस होतो. आंतरराष्ट्रीय स्केटिंग स्पर्धांतील वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेण्याचा निर्णय मात्र त्यानंतर इतक्या वर्षांनी, २०२२ मध्ये झाला. प्रशिक्षक निवडण्यापूर्वीच हे पुस्तक वाचावे, आणि मुलीच्या वजनाविषयी ते काय बोलतात, हे पहिल्याच भेटीत विचारावे.