मदत हवी आहे: कागदी शेअर्सचा लाभांश, बँक सही-पडताळणी करून देत नाही

आईच्या (वय ७४) एकटीच्या नावावर एका कंपनीचे ६० शेअर्स आहेत, १९९४ चे, अजून कागदी सर्टिफिकेटच. शेवटचं डिव्हिडंड वॉरंट (लाभांशाचा चेक) २०२० मध्ये वटवलं. एप्रिल २०२४ पासून केवायसी नसलेल्या फोलिओचा (कागदी शेअर्सच्या खात्याचा) लाभांश थेट खात्यातच येतो, तोही केवायसी पूर्ण झाल्यावर, त्यामुळे तेव्हापासूनचा अडकून पडलाय.

कंपनीच्या शेअर्सची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे आयएसआर-१ (केवायसी आणि बँक खातं नोंदवायचा फॉर्म), नॉमिनेशनचा एसएच-१३ फॉर्म, पॅन आणि आधारच्या सही केलेल्या प्रती, नाव छापलेला रद्द केलेला चेक असं सगळं पाठवलं. पॅन-आधार जोडलेले आहेत, नावात फरक नाही. परत आलं ते फक्त सहीवरून. हात थरथरतो, तीस वर्षांपूर्वीची सही आता जमत नाही. आता आयएसआर-२ वर (बँकेने खातेदाराची सही पडताळून द्यायचा फॉर्म) बँक मॅनेजरची सही-शिक्का मागतायत.

पेन्शनचं खातं ज्या बँकेत आहे तिथे दोनदा जाऊन आलो. "हा आमचा फॉर्म नाही" म्हणून शिक्का देत नाहीत. तिचं दुसऱ्या बँकेतही जुनं बचत खातं आहे, तिथले मॅनेजर तयार आहेत. पण लाभांश तिला पेन्शनच्याच खात्यात हवाय. डीमॅट नंतर करू, आधी हे.

सात वर्षं लाभांश घेतला नाही तर शेअर्सच आयईपीएफकडे (न घेतलेल्या लाभांशाचा सरकारी निधी) जातात, म्हणून जिवाला घोर आहे.

आयएसआर-२ एका बँकेचा आणि आयएसआर-१ मधलं खातं दुसऱ्या बँकेचं, असं कुणाचं मंजूर झालंय का? की लाभांशाचं खातं आयएसआर-२ देणाऱ्या बँकेतलंच लागतं?